दोघांचा एक वेग

सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेस निघून पुन्हा त्याच शहरात परतणारा सुमारे ८०० किलोमीटरचा एक वळसा आहे. १०१ क्रमांकाचा महामार्ग आधी रेडवुडच्या अरण्यात नेतो. तेथून थोडे माघारी वळून लेगेट या खेड्यापाशी आले, की राज्यमार्ग क्रमांक १ लागतो आणि तो प्रशांत महासागराच्या कड्यांवर उतरतो. पुढे मेंडोसिनोच्या दक्षिणेस १२८ क्रमांकाचा रस्ता पुन्हा भूभागात शिरतो व अँडरसन आणि नापा या द्राक्षखोऱ्यांतून प्रवाशाला शहराकडे आणून सोडतो. अरण्य, सागर आणि द्राक्षमळे असा हा क्रम आहे. घाईतला प्रवासी हे अंतर दोन दिवसांत कापू शकेल. आम्ही दोघांनी त्यासाठी सात दिवस घेतले.

याचे कारण केवळ निसर्गप्रेम नव्हते. त्या सप्टेंबरच्या दीड वर्ष आधी माझ्या पतींच्या हृदयाच्या एका रोहिणीत स्टेंट बसवला गेला होता. उपचार वेळेवर झाले, हृदयाच्या स्नायूला इजा पोहोचली नाही आणि नंतरचे सर्व अहवाल समाधानकारक होते. परंतु अहवालात न उमटणारी एक गोष्ट घरात घडत होती. जिना चढताना, पिशवी उचलताना, अगदी हसता हसता खोकला आला तरी दोघांचे लक्ष एकाच जागी जाई. गोळ्यांची डबी माझ्या पर्समध्ये, मोटारीची किल्ली माझ्या हाती आणि जेवणातले मीठ माझ्या नजरेखाली, अशी व्यवस्था कोणी न ठरवताच होऊन बसली होती.

साताऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात अशी कितीतरी जोडपी समोर बसली आहेत. 'कसे वाटते?' असे पतीला विचारावे आणि उत्तर पत्नीने द्यावे, किंवा नेमके याच्या उलट व्हावे. आजार आटोक्यात येतो, पण घरात नवरा-बायकोच्या जागी एक रुग्ण आणि एक पहारेकरी उरतो. यात दोष कोणाचाच नसतो. काळजीनेच ते रूप घेतलेले असते. तथापि रुग्ण हालचालीला भिऊ लागला, की चालणे घटते, झोप बिघडते, मन खचते आणि हृदयाला ज्या सवयी हव्या असतात त्याच नेमक्या सुटतात. म्हणूनच आमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी ताणचाचणीचा आलेख पाहून गाडी चालवण्यास अनुमती दिली, तेव्हा सॅन होजेला राहणाऱ्या मुलीचे "मी चालवते, तुम्ही दोघे मागे आरामात बसा" हे प्रेमळ म्हणणे आम्ही बाजूला ठेवले. दोघेच निघालो.

निघण्यापूर्वी

प्रवासाचा आराखडा करताना एकच नियम ठरवला होता. दोघांपैकी ज्याचे शरीर आधी थकेल, त्याने त्या दिवसाचा वेग ठरवायचा. मग ते त्यांचे हृदय असो वा माझा उजवा गुडघा. या नियमातून बाकीची गणिते आपोआप सुटली. दिवसाला तीन तासांहून अधिक गाडी चालवायची नाही. दर दीड तासाने उतरून दहा मिनिटे चालायचे. अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठायचा.

दीड तासाच्या या थांब्यामागे शरीराचे साधे शास्त्र आहे. पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. म्हणून पोटरीला शरीराचे दुसरे हृदयच म्हटले जाते. बसून राहिले, की हा पंप थंडावतो, घोटे सुजतात आणि क्वचित पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होते. विमानातील प्रदीर्घ प्रवासाला जो नियम लागू, तोच मोटारीलाही. पाणी पुरेसे प्यावे, पायांवर पाय टाकून बसू नये आणि उतरून चालावे.

दुसरा प्रश्न घड्याळाचा. सप्टेंबरात कॅलिफोर्निया भारताच्या साडेबारा तास मागे असतो, म्हणजे रात्रीचा दिवस होतो. शरीराचे घड्याळ नव्या वेळेशी दिवसाला साधारण एखाद्या तासाने जुळते. त्यामुळे आम्ही पहिला आठवडा मुलीकडे काढला आणि गल्लीतल्या रिकाम्या रस्त्यांवर उजव्या बाजूने गाडी चालवण्याचा सराव केला. अर्धवट झोपेतला चालक आणि मद्य घेतलेला चालक यांच्या प्रतिक्रियांत फारसे अंतर नसते, हे ध्यानात ठेवावे. दिवसातून एकदा घ्यायच्या बहुतेक गोळ्या स्थानिक वेळेवर आणता येतात. इन्सुलिन, रक्त पातळ ठेवणारी काही औषधे आणि फेफऱ्याची औषधे यांचे वेळापत्रक मात्र निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. औषधे नेहमी हातातल्या सामानात असावीत, चिठ्ठीवर त्यांची मूळ रासायनिक नावे असावीत, आणि प्रवासविम्यात पूर्वीच्या आजाराचा स्पष्ट उल्लेख असावा.

अरण्य

गोल्डन गेट पूल १९३७ साली खुला झाला. तो ओलांडला, की शहर मागे पडते. पहिल्या दिवशी १८५ किलोमीटरवरील युकाया येथे मुक्काम केला. सोबत मुलीने बांधून दिलेल्या दशम्या आणि चटणी होती. अमेरिकेतील तयार पाव, सूप आणि डबाबंद पदार्थ यांत मीठ बरेच असते. रक्तदाबाच्या रुग्णाने पाकिटावरील सोडियमचा आकडा वाचण्याची सवय लावून घ्यावी. पुढे पुढे रस्त्यालगतच्या फळांच्या दुकानांनी आमची सोय केली.

दुसऱ्या दिवशी लेगेट मागे टाकून पुढे गेलो आणि 'अव्हेन्यू ऑफ द जायंट्स' या जुन्या रस्त्याला लागलो. ईल नदीच्या काठाने जाणारा हा सुमारे ५० किलोमीटरचा मार्ग हम्बोल्ट रेडवुड्स उद्यानातून जातो. भर दुपारी तेथे सांजवेळेसारखा प्रकाश असतो. मोटारीची काच खाली केली, की आधी जाणवतो तो ओल्या सालींचा आणि मातीचा गंध, आणि मग शांतता. या झाडांची जाड, मऊ साल आवाज शोषून घेते. पायवाटेवर आपण आपसूकच हळू बोलू लागतो.

किनारी रेडवुड हा पृथ्वीवरील सर्वांत उंच वृक्ष. २००६ साली सापडलेला 'हायपेरियन' हा वृक्ष ११५ मीटरहून अधिक उंच आहे. काही वृक्षांचे वय २००० वर्षांच्या पुढे जाते. एक फूट जाडीपर्यंत वाढणाऱ्या सालीत टॅनिन मुबलक असल्याने कीड आणि वणवा दोन्ही तिच्यापुढे हतबल होतात. पाऊस नसलेल्या उन्हाळ्यात समुद्रावरून येणारे धुके पानांवर साकळते आणि थेंब थेंब मुळांशी झिरपते. झाडाच्या वर्षभराच्या पाण्यात या धुक्याचा वाटा मोठा असतो. मूळच्या प्राचीन रेडवुड अरण्यापैकी आज सुमारे पाच टक्केच उरले आहे. तेही १९१८ साली स्थापन झालेल्या 'सेव्ह द रेडवुड्स लीग'सारख्या संस्थांनी देणग्या गोळा करून जमिनी विकत घेतल्या, म्हणून उरले.

'फाउंडर्स ग्रोव्ह' या राईतील पायवाट जेमतेम एक किलोमीटरची आणि सपाट आहे. गुडघेदुखीच्या व्यक्तीलाही ती सहज जमते. तेथे १९९१ साली कोसळलेला 'डायरव्हिल जायंट' हा वृक्ष तसाच आडवा पडून आहे. उभा असताना त्याची उंची ११० मीटरच्या आसपास होती. त्याच्या उपटलेल्या बुंध्याशी उभे राहिले, की एक आश्चर्य दिसते. एवढ्या महाकाय वृक्षाला खोल जाणारे सोटमूळ नसते. मुळे जमिनीत दोन ते चार मीटर एवढीच जातात, पण आडवी दूरवर पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. वादळात एकमेकांच्या आधाराने सारे तगतात. त्या पडलेल्या खोडावर आता नेचे, शेवाळ आणि कोवळी रोपे वाढत आहेत.

तेथल्याच एका ओंडक्यावर आम्ही बसलो होतो.

"अगं, ती डबी दे," ते म्हणाले.

"आत्ता कसली गोळी? रात्रीची आहे."

"गोळी नको, डबीच दे. सात दिवस माझ्याकडे राहील."

"विसरलात तर?"

"विसरलो तर तू विचारशीलच. तोवर मला लक्षात ठेवू दे."

मी डबी दिली. छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची गोळी त्यांच्या शर्टाच्या खिशात असावी, एवढी एक अट घातली. त्यावर ते हसले आणि त्यांनी खिसा थोपटून दाखवला. गोळी तेथे आधीपासूनच होती. ज्याचे औषध त्याच्या हाती असणे हा उपचाराचाच एक भाग आहे, हे मी रुग्णांना नेहमी सांगते. ज्याची स्मृती आणि दृष्टी शाबूत आहे, त्याच्या गोळ्या दुसऱ्याने सांभाळल्या, की तो स्वतःच्या आजाराचा पाहुणा होऊन राहतो.

जपानच्या वनखात्याने १९८२ साली 'शिनरिन-योकू', म्हणजे वनस्नान, ही कल्पना पुढे आणली. वनात संथ चालल्याने काही काळ रक्तदाब, नाडीची गती आणि ताणाशी निगडित संप्रेरके उतरतात, असे तेथील अभ्यासांत दिसले आहे. हा परिणाम तात्पुरता असतो आणि तो औषधाची जागा घेत नाही. परंतु त्या राईत तासभर फिरल्यावर माझ्या पतींनी स्वतःहून मनगटावरची नाडी एकदाही चाचपली नाही. हे मी टिपून ठेवावे असे निरीक्षण आहे.

या वनात एक सावधगिरी अवश्य पाळावी. पायवाटेच्या कडेला तीन-तीन पानांच्या झुपक्यांचे 'पॉयझन ओक' नावाचे झुडूप असते. त्याच्या चिकात उरुशिऑल हे तेलकट द्रव्य असते आणि त्याने त्वचेवर फोड येतात. आपल्याकडे बिब्बा उततो, तोच हा प्रकार. दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या आहेत आणि आंबा व काजूही त्याच कुळातले. स्पर्श झाल्यास लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवावे. गवतात गोचीड असतात, म्हणून पूर्ण पायजमा व मोजे घालावेत.

वळणे आणि किनारा

चौथ्या दिवशी लेगेटपाशी परतलो आणि राज्यमार्ग क्रमांक १ धरला. समुद्र दिसेपर्यंतचे पस्तीसेक किलोमीटर म्हणजे वळणांची अखंड माळ आहे. आंबेनळी घाट उतरलेल्या माणसाला तिची कल्पना येईल. आमच्या भागात महाबळेश्वरहून उतरलेले पिवळे पडलेले चेहरे माझ्या दवाखान्यात येतच असतात. गाडी लागणे हा पोटाचा विकार नाही. अंतर्कर्णातील तोलेंद्रिय मेंदूला सांगते की आपण हलतो आहोत. डोळे मोटारीच्या आतील स्थिर वस्तू पाहून सांगतात की आपण हलत नाही. या दोन साक्षींतील विसंगतीमुळे मळमळ होते. चालकाला वळण आधी कळते आणि त्याची नजर रस्त्यावर असते, म्हणून त्याला सहसा हा त्रास होत नाही.

त्या दिवशी चालक होते माझे पती आणि शेजारच्या आसनावर होते मी. आल्याचा तुकडा चघळून निघाले होते, तरी दहाव्या-बाराव्या वळणाला कपाळावर गार घाम आला. त्यांनी न बोलता गती कमी केली, काच उघडली आणि पहिल्या रुंद जागेत गाडी उभी केली. मला उतरवले, पाण्याची बाटली हातात दिली आणि म्हणाले, "लांबच्या त्या कड्याकडे बघ. मोबाइलकडे नाही." हे माझेच वाक्य होते, शेकडो रुग्णांना सांगितलेले. त्या दीड तासात आम्ही तीनदा थांबलो. प्रत्येक वेळी नाडी माझी पाहिली गेली. दीड वर्षात प्रथमच काळजी वाहण्याची पाळी त्यांची होती, आणि ती त्यांनी किती सहज उचलली ते मी डोळे मिटल्या मिटल्या पाहत होते.

ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या आसनावर बसावे, क्षितिजाकडे पाहावे, पोट रिकामेही नको आणि जडही नको. वाचन टाळावे. मळमळीवरील बहुतेक गोळ्यांनी झोप येते, म्हणून त्या चालकाने घेऊ नयेत आणि वृद्धांनी, विशेषतः काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी, विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नयेत.

या रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी गाडी बाजूला घेण्यासाठी जागा ठेवलेल्या आहेत. संथ वाहनामागे पाच किंवा अधिक वाहने साचली, तर त्याने अशा सुरक्षित जागी बाजूला व्हावे, असा कॅलिफोर्नियाचा कायदाच आहे. मला तो फार आवडला. संथ जाण्यात कमीपणा नाही. फक्त घाई असलेल्याला वाट द्यावी.

मग एका वळणावर झाडी संपते आणि सबंध डावी खिडकी सोडून समोर, उजवीकडे, खाली समुद्रच समुद्र असतो. हा आपला कोकणचा समुद्र नव्हे. नारळ नाहीत, मऊ पुळण थोडी. काळे सुळके पाण्यातून वर आलेले, त्यांवर फुटणारा फेस आणि पिवळ्या गवताचे वारा झेलणारे कडे. पाण्याचे तापमान दहा ते तेरा अंशांच्या आसपास असते. इतक्या थंड पाण्यात अचानक शिरले, तर श्वास धापावतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब एकाएकी चढतो. हृदयरोग्याने हे साहस करूच नये. शिवाय शांत वाटणाऱ्या समुद्रातून एखादी मोठी लाट अकस्मात दूरवर चढून येते आणि माणसाला ओढून नेते. समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये, असे फलक म्हणूनच ठिकठिकाणी आहेत.

फोर्ट ब्रॅग हे या किनाऱ्यावरील मुख्य गाव. येथे रुग्णालय आहे. लांबच्या वाटेवर मोबाइलला संकेत मिळत नाही, तेव्हा असे ठिकाण आधी नकाशावर खुणावून ठेवणे आणि नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घेणे शहाणपणाचे. तातडीचा क्रमांक ९११ आहे. गावाच्या पश्चिमेला पूर्वी लाकडाची प्रचंड गिरणी होती. ती २००२ साली बंद पडली आणि नंतर तिच्या जागेवरून कड्याच्या काठाने सपाट, फरसबंद पायवाट काढण्यात आली. एका गिरणीमुळे शंभर वर्षे समुद्रापासून तुटलेले गाव आता रोज संध्याकाळी तेथे चालायला येते. उत्तरेकडील मॅकेरिचर उद्यानात लाकडी फळ्यांची वाट थेट टोकापर्यंत जाते. चाकाच्या खुर्चीलाही ती सोयीची आहे आणि तिच्या टोकाशी खडकांवर पहुडलेले सील दिसतात. जवळचा 'ग्लास बीच' म्हणजे १९६७ पर्यंत वापरात असलेली कचऱ्याची जागा. फुटक्या बाटल्यांना समुद्राने घासून घासून गुळगुळीत खडे केले आहेत. ते पाहावेत, उचलून आणू नयेत.

तेथून १५ किलोमीटरवर मेंडोसिनो. लाकडाच्या व्यापारावर वाढलेले, पाण्याच्या लाकडी मनोऱ्यांचे एक जुने गाव कड्याच्या टोकावर बसले आहे. आम्ही तेथे दोन रात्री राहिलो. दुपारपर्यंत धुके, मग निळे ऊन. एका दिवसात सहा किलोमीटर चाललो, तेही न मोजता. संध्याकाळी मोबाइलने आकडा दाखवला तेव्हा कळले. दमछाक न होता बोलता येईल एवढ्या गतीने चालणे, हे हृदयरोग्यासाठी सर्वांत सोपे मोजमाप आहे. आम्ही भरपूर बोललो. आजाराविषयी मात्र फार थोडे.

द्राक्षखोरे

मेंडोसिनोच्या दक्षिणेस १२८ क्रमांकाचा रस्ता नव्हारो नदीच्या काठाने रेडवुडच्या बोगद्यातून आत शिरतो आणि तासाभरात ऋतू बदलल्यासारखा अँडरसन खोऱ्यात उघडतो. धुके मागे राहते, ऊन तापते आणि दोन्ही बाजूंना वेलींच्या ओळी सुरू होतात. समुद्राचा गारवा येथवर पोहोचतो, म्हणून पिनो न्वार आणि गेवुर्त्सट्रामिनर यांसारखी थंडावा मागणारी द्राक्षे येथे पिकतात. खोऱ्यातील बूनव्हिल या गावाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'बूंटलिंग' नावाची स्वतःची सांकेतिक बोली तयार केली होती. परक्यापुढे मनातले बोलता यावे म्हणून. लग्नाला तीस वर्षे झालेल्या प्रत्येक जोडप्याजवळ अशी एक बोली असतेच.

सप्टेंबर हा तेथे खुड्याचा काळ. नाशिकच्या मळ्यांत मद्याच्या द्राक्षांची तोडणी हिवाळ्यात, साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. येथे ती उन्हाळा सरताना होते आणि उष्णता टाळण्यासाठी पुष्कळदा रात्री दिव्यांच्या उजेडात चालते. नाशिकच्या आधुनिक वाइन उद्योगाला प्रारंभी कॅलिफोर्नियातील तज्ज्ञांचे साहाय्य मिळाले होते, त्यामुळे तारांवर चढवलेल्या त्या ओळी अनोळखी वाटत नाहीत.

नापा खोऱ्याची कीर्ती २४ मे १९७६ या दिवशी पॅरिसमध्ये झालेल्या एका चाचणीने जगभर पसरली. फ्रेंच परीक्षकांनी लेबल न पाहता चव घेऊन गुण दिले. पांढऱ्यांत कॅलिस्टोगाच्या शातो माँटेलीनाची शार्डने आणि तांबड्यांत स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची कॅबर्ने सोव्हिन्यों पहिली आली. दोन्ही १९७३ सालच्या आणि दोन्ही नापाच्या. वस्तूवरचे नाव झाकले, की पूर्वग्रह गळून पडतो, हे वैद्यकशास्त्र औषधांच्या चाचण्यांत नेहमीच करते. त्यामुळे ही हकिकत मला जवळची वाटली.

आता जो प्रश्न मला प्रत्येक पार्टीत विचारला जातो, त्याकडे वळते. तांबडी वाइन हृदयाला चांगली ना? १९९० च्या दशकाच्या आरंभी फ्रेंच लोकांच्या आहाराविषयी मांडलेल्या निष्कर्षांतून ही समजूत रुजली. पुढे ध्यानात आले की त्या प्रकारच्या अनेक अभ्यासांत 'न पिणाऱ्यां'च्या गटात आजारपणामुळे पिणे सोडलेली माणसेही मोजली गेली होती. साहजिकच थोडे पिणारे अधिक निरोगी भासले. द्राक्षाच्या सालीतील रेस्व्हेराट्रॉल वाइनमध्ये इतके अल्प असते, की त्यासाठी मद्य घेण्याला अर्थ नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ सालीच कर्करोगकारक ठरवले. आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले. १५० मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे १४ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. नापाच्या तांबड्या वाइनमध्ये तो पुष्कळदा याहून अधिक असतो. जो घेत नाही त्याने हृदयासाठी सुरू करू नये. आणि ॲस्पिरिन घेणाऱ्याने जठरातील रक्तस्रावाचा वाढीव धोका जाणून असावे.

मग वाइनच्या प्रदेशात न पिणाऱ्याने करावे काय? पुष्कळ काही. वेलींतून चालावे, तळघरातील ओकच्या पिंपांचा गंध घ्यावा, द्राक्ष तोंडात घेऊन साल, गर आणि बी यांच्या चवी वेगळ्या करून पाहाव्यात. अँडरसन खोऱ्यात त्याच द्राक्षांचा न आंबवलेला रस बाटलीत मिळतो; आम्ही तो घेतला, मधुमेह्याने मात्र त्यातील साखर मोजूनच घ्यावा. चव घेऊन थुंकण्यासाठी प्रत्येक मेजावर भांडे ठेवलेले असते आणि ते वापरण्यात कोणी काही वावगे मानत नाही. चालकाने तर तेवढेही करू नये. कॅलिफोर्नियात चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, भारतात ती ३० मिलिग्रॅम आहे. पण निर्णयशक्ती मंदावण्यास शरीर कायद्याच्या आकड्याची वाट पाहत नाही.

कॅलिस्टोगाला ज्वालामुखीच्या राखेचे उष्ण चिखलस्नान प्रसिद्ध आहे. उष्णतेने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो, नाडी वाढते आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्यास बाहेर पडताना भोवळ येऊ शकते. आपल्याकडील वज्रेश्वरीच्या उन्हाळ्यांनाही हेच लागू आहे. गरोदर स्त्रियांनी आणि हृदयरोग्यांनी डॉक्टरांना विचारावे. मी विचारण्याजोगी जवळच होते, आणि विचारले गेले. मी नको म्हटले. त्यांनी ते ऐकले, पण हट्टाने नव्हे आणि भीतीनेही नव्हे. दोघांनी मिळून घेतलेल्या निर्णयासारखे.

या भागाला शरदात वणव्यांचा धोका असतो. २०१७ च्या ऑक्टोबरातील वणव्यांनी सोनोमा आणि नापा भागांत मोठी हानी केली. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी रोज सकाळी हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक पाहावा, धूर असल्यास काचा बंद ठेवाव्यात आणि सरळ मुक्काम बदलावा.

हाती काय आले

सात दिवसांच्या प्रवासाने रोहिणीतील मेद वितळत नाही. परतल्यावर औषधे तीच राहिली, तपासण्यांच्या तारखाही त्याच. मात्र गोळ्यांची डबी माझ्या पर्समध्ये परत आली नाही. सकाळी फिरायला जाताना आता ते मला उठवतात, आणि गुडघा कुरकुरतो का ते विचारून त्यानुसार वळण घेतात. मिठाची बरणी अजून माझ्या ताब्यात आहे, हे मान्य करायला हवे.

असा प्रवास घडायला समुद्र ओलांडून जावे लागते असे नाही. दोघांचा मिळून एक वेग ठरवता आला, तर आंबोलीहून वेंगुर्ल्याला उतरणारा रस्ताही पुरतो. आजारानंतर प्रथमच बाहेर पडू पाहणाऱ्या जोडप्यांना माझे एक सांगणे आहे. आपल्या डॉक्टरांना 'प्रवास करू का?' एवढेच विचारू नका. त्याचे उत्तर बहुधा 'जपून करा' असे मोघम येते. सलग किती तास बसायचे, किती चढ चढायचा, किती उंचीवर जायचे, गाडी कोणी चालवायची आणि वाटेत रुग्णालय किती अंतरावर आहे, हे कागदावर लिहून न्या. दोघांनी मिळून जा, आणि उत्तरे ज्याची त्याने द्या.